साखर कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज अपग्रेड करताना: तारीख ठरवण्याआधी काय बघावं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोल्हापूर जिल्ह्यातला साखर कारखाना, अडीचशेच्या आसपास एक्स्टेन्शन, फ्रीपीबीएक्स १४ (एक्स्चेंज हाताळायचं पॅनेल) आणि त्यात ॲस्टरिस्क १३ (प्रत्यक्ष कॉल जोडणारं सॉफ्टवेअर), खाली सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम. पीआरआयचं, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या डिजिटल लाइनचं, कार्ड सर्व्हरच्या पोटातच बसवलेलं. मिल, केन यार्ड (ऊसगाड्यांचा तळ) आणि कॉलनीकडे जाणाऱ्या जुन्या कॉपर लाइन ॲनालॉग गेटवेवर (साधे फोन नेटवर्कला जोडणारा डबा), गट ऑफिसं व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने. ऑडिटमध्ये ‘सॉफ्टवेअर कालबाह्य’ असा शेरा आलाय आणि एमडी साहेबांचं म्हणणं आहे की पावसाळ्यात काम नसतं, ऑगस्टमध्ये एखाद्या रविवारी उरकून टाका. तुम्ही विचारलंय: एका रात्रीत होईल का, आणि कुठली आवृत्ती टाकू?

आवृत्तीचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात फार डोकं लावण्यासारखं नाही. ॲस्टरिस्क १३ चा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. आज नव्याने उभारायचं तर डेबियन १२ वर फ्रीपीबीएक्स १७ आणि त्यात ॲस्टरिस्क २२. ही ऑक्टोबर २०२४ ची दीर्घ आधाराची आवृत्ती आहे, सुरक्षा दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळतात. २१ घेऊ नका, ती अल्प मुदतीची होती. एका रात्रीत होईल का? होईल. रात्रीचं काम तीन-चार तासांचंच आहे. त्या रात्रीच्या आधी दोनेक महिने आणि नंतर गळीत सुरू होईपर्यंत जे करावं लागतं ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, म्हणून उत्तर लांबतंय.

खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुमच्या एक्स्चेंजवर आज काय काय अवलंबून आहे, हे कारखान्यात कुणा एका माणसाला पूर्ण माहीत आहे का? आणि रात्री तीन वाजता जमेना असं दिसलं, तर पहाटेची पाळी यायच्या आत जुनं चालू करता येईल का? या दोन्हींची उत्तरं हातात असतील तर आवृत्ती कुठलीही टाका, निभावतं. नसतील तर ऑगस्ट काय आणि मे काय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथे मी छातीठोक सांगणार नाही. पहिली गोष्ट घाईची. तुमचं एक्स्चेंज बाहेरच्या इंटरनेटला अजिबात उघडं नसेल, बाहेरचे सगळे कॉल पीआरआयवरून येत-जात असतील आणि गट ऑफिसं फक्त व्हीपीएनमधून येत असतील, तर आणखी एक हंगाम काढून पुढच्या उन्हाळ्यात नीट काम करण्यात काही वावगं नाही. ऑडिटच्या शेऱ्याला तारखेसकट आराखडा दिला की ऑडिटरही ऐकतात. पण कुणीतरी घरून बघता यावं म्हणून ॲडमिन पॅनेल बाहेर उघडून ठेवलं असेल, तर अपग्रेडची वाट बघू नका, ते आजच बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या अशाच एका त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यांसाठी वापर झाला, आणि त्यात तेव्हाच्या चालू आवृत्त्याही सापडल्या होत्या. म्हणजे नवीन आवृत्ती टाकली म्हणून पॅनेल उघडं ठेवायला मोकळीक मिळत नाही.

आता ऑगस्ट. साहेबांचं म्हणणं वरवर बरोबर आहे: गळीत बंद, फोन कमी, माणसं मोकळी. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पंचगंगा काय करते ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून पाणी ४३ च्या धोका पातळीकडे सरकायला लागलं, की जिल्ह्यात सगळ्यांचं लक्ष तिकडे लागतं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तर पुण्याहून निघालेला गेटवे किंवा कार्ड वाटेतच अडकतं. त्याच काळात गावागावांशी संपर्कासाठी कारखान्याचा फोन चालू लागतो. अशा दिवसांत एक्स्चेंज उघडून बसणं मला पटत नाही. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा असते, ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्या गडबडीत ऑफिसचे फोन बंद पडले तर तुमचंच नाव निघणार. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन. म्हणजे ऑगस्टला काही बिघडलं तर दुरुस्तीला मोकळा वेळ जवळपास उरतच नाही.

मी अशा कामाला गाळप संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे धरतो, साधारण एप्रिलचा उत्तरार्ध ते मे अखेर. त्याचंही एक दुखणं आहे, ते म्हणजे वळीव. संध्याकाळी वीज कडाडते आणि केन यार्डकडे गेलेल्या लांबच लांब कॉपर लाइनवरून थेट गेटवेच्या पोर्टपर्यंत येते. त्यामुळे कामाच्या आधी एमडीएफवरचे (सगळ्या लाइन जिथे एकत्र येतात त्या चौकटीवरचे) सर्ज प्रोटेक्टर आणि एक्स्चेंज रूमचं अर्थिंग तपासून घ्या. नाहीतर नव्या सॉफ्टवेअरला शिव्या बसतील आणि जळालेलं असेल पोर्ट.

पण बंद हंगामातली शांतता फसवी असते. फोनची यादी करायची म्हणून तुम्ही मे महिन्यात फिरलात, तर केन यार्डचा फोन धूळ खात पडलेला दिसेल, वजनकाट्याच्या केबिनला कुलूप असेल, गव्हाणीजवळचा फोन ‘बंदच आहे हो’ असं कुणीतरी सांगेल. हे म्हणजे जोतिबाची यात्रा उठल्यावर डोंगरावर जाऊन नारळाची दुकानं किती होती ते मोजण्यासारखं. त्यामुळे यादी फिरून करायची नाही, आधी कॉल रेकॉर्डमधून काढायची. तुमच्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये गेल्या हंगामाच्या प्रत्येक कॉलची नोंद आहे. नोव्हेंबर ते मार्च एवढा काळ घ्या, कुठल्या एक्स्टेन्शनवरून किती कॉल गेले, किती आले, ते काढा. मग उन्हाळ्यातली तशीच यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हंगामात गजबजलेले आणि आता मुके असलेले जे नंबर असतील, ते तुमचे सगळ्यात महत्त्वाचे फोन. मिल थांबली की यार्डात सांगायला, बॉयलर ट्रिप झाला की को-जनला (वीजनिर्मिती विभागाला) कळवायला, काट्यावर वजनावरून वाद झाला की शेती अधिकाऱ्यांना बोलवायला हेच वापरले जातात. मोबाइल सगळ्यांकडे आहे हे मान्य, पण मिल हाउसच्या आवाजात खिशातला मोबाइल वाजलेला कळत नाही, भिंतीवरच्या फोनचा हूटर कळतो.

त्याच नोंदींतून एकावेळी सर्वाधिक किती बाहेरचे कॉल चालू होते तेही काढा. पीआरआयवर एकावेळी ३० कॉलच बसतात. गेल्या हंगामात ती संख्या २८-२९ ला टेकत असेल, तर अपग्रेडनंतर लोक ‘नवीन आल्यापासून लाइन बिझी लागते’ म्हणतील, आणि तुमच्याकडे आधीचा आकडा नसेल तर उत्तरही नसेल.

यादी झाली की मग फिरा, आणि फिरताना टेलिफोन ऑपरेटरना आणि जुन्या लाइनमनना बरोबर घ्या. निवृत्त झाले असतील तर घरी जाऊन चहा प्या. क्रोन मॉड्यूलवरचा (तारा जोडायच्या पट्टीवरचा) कुठला जंपर कुठे जातो हे कागदावर असतंच असं नाही, या लोकांच्या डोक्यात असतं. विचारायचं ते ‘फोन कुठे आहे’ एवढंच नव्हे, फोन नसलेलं काय काय या एक्स्चेंजला जोडलंय तेही. गेस्ट हाउसचं बिल काढणारं सॉफ्टवेअर कॉल रेकॉर्ड उचलत असतं. गेटवरचा डोअरफोन असतो. भोंग्याच्या किंवा फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये कुणीतरी एक एक्स्टेन्शन घातलेलं असतं. एका कारखान्यात लिफ्टमधला आपत्कालीन फोन एका बंद समजल्या गेलेल्या ॲनालॉग पोर्टवर निघाला. कॉल रेकॉर्डमध्ये तो नव्हता, कारण सुदैवाने कुणी लिफ्टमध्ये अडकलंच नव्हतं. अशी साधनं नोंदींत सापडत नाहीत, ती फिरूनच सापडतात. म्हणून दोन्ही करायचं, पण याच क्रमाने.

सर्व्हरच्या आत काय दडलंय हा वेगळा शोध आहे. फ्रीपीबीएक्सचा बॅकअप नव्या मशीनवर चढतो, एक्स्टेन्शन, पासवर्ड, रिंग ग्रुप येतात. पण पॅनेलच्या बाहेर हाताने केलेलं जे असतं त्याची खात्री नसते: कस्टम डायलप्लॅनच्या (कुठला नंबर लावला की काय करायचं त्या नियमांच्या) फाइल, फोनच्या कॉन्फिगरेशनसाठी टीएफटीपीत (फोन जिथून फाइल उचलतात तिथे) ठेवलेल्या फाइल, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, वेळोवेळी कुणीतरी लिहिलेल्या स्क्रिप्ट. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्या आठवड्यात तुमच्याकडे कुणीतरी घाईत एक ओळ टाकून ते शून्य आपोआप लागेल अशी सोय केली असणार. ती पॅनेलमधल्या आउटबाउंड रूटमध्ये टाकली की कस्टम फाइलमध्ये, ते बघा. कस्टम फाइलमध्ये असेल आणि नव्यावर आली नाही, तर सकाळी अख्ख्या कारखान्याचा एकही मोबाइल कॉल जाणार नाही, आणि ०२३१ चे सगळे लँडलाइन मात्र व्यवस्थित लागतील. हा दोष रात्रीच्या चाचणीत सहज निसटतो, कारण रात्री आपण चाचणीला शेजारच्या टेबलावरचा फोन लावतो.

शेतकऱ्याने आपला कोड दाबला की उसाची नोंद किंवा वजन सांगणारी आयव्हीआर सेवा असेल, तर तिची स्क्रिप्ट उघडून बघा. तुमच्या जुन्या मशीनवर पीएचपी (अशा स्क्रिप्ट बहुधा जिच्यात लिहितात ती भाषा) ५.६ आहे, नव्यावर ८.२ असेल. डेटाबेसशी बोलायची जुनी मायएसक्यूएल फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली. म्हणजे ती स्क्रिप्ट नव्या मशीनवर पहिल्याच ओळींत कोसळणार. डायलप्लॅनमध्ये ‘मॅक्रो’ वापरले असतील तर तेही ॲस्टरिस्क २१ पासून गेले, त्यांच्या जागी ‘गोसब’ लिहावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही, फक्त ते रात्री करण्याचं काम नाही. आणि आयव्हीआरमधल्या मराठी आवाजाच्या फाइल वेगळ्या काढून ठेवा. तो आवाज ज्यांचा आहे त्या आता कुठे असतील कोण जाणे.

यानंतर मी जे सांगतो त्यावर नेहमी वाद होतो: सगळं एकाच रात्रीवर ढकलू नका, तीन तुकड्यांत करा आणि पहिले दोन जुन्याच मशीनवर करा.

पहिला तुकडा एसआयपी ड्रायव्हरचा. एसआयपी म्हणजे फोन आणि सर्व्हर ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात ती. तुमचे बहुतेक फोन जुन्या चॅन-एसआयपीवर असणार. ॲस्टरिस्क २१ पासून तो काढून टाकलाय, पुढे फक्त पीजेएसआयपी. चांगली गोष्ट ही की ॲस्टरिस्क १३ मध्ये दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या पोर्टवर चालतात. म्हणून आत्ताच, दिवसाढवळ्या, रोज पाच-दहा एक्स्टेन्शन पीजेएसआयपीवर न्या. पहिले आयटी विभागाचे, मग टाइम ऑफिस, मग बाकीचे, साहेबांचा फोन सगळ्यात शेवटी. यात दोन ठिकाणी अडायला होतं. एक, एका एक्स्टेन्शनला एकच नोंदणी (फोनने सर्व्हरकडे लावलेली हजेरी) चालेल असं ठरवलेलं असेल आणि जुनी नोंद काढून नवी घ्यायची परवानगी दिलेली नसेल, तर वीज जाऊन आलेला फोन जुनी नोंद संपेपर्यंत ताटकळत राहतो. ती परवानगी चालू ठेवा. दोन, तुमच्या ॲनालॉग गेटवेची सगळी पोर्टं एकाच आयपीवरून येतात. पीजेएसआयपीने ओळख आयपीवरून धरली तर यार्डातून केलेला कॉल भलत्याच नावाने दिसतो. ओळख युजरनेमवरून धरायला सांगा.

दुसरा तुकडा पीआरआय कार्डाचा. सर्व्हरच्या पोटातलं कार्ड हे तुमच्या गळ्यातलं सगळ्यात मोठं लोढणं आहे. त्याचा डीएएचडीआय ड्रायव्हर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) बांधलेला असतो, कर्नल बदलला की तो पुन्हा बनवावा लागतो, आणि काही जुन्या कार्डांचा आधार नव्या ड्रायव्हरमधून काढलेलाच आहे. वर कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं असेल तर नव्या मशीनमध्ये ते बसायचंसुद्धा नाही. माझा सल्ला: एक बाहेरचा ई-१ ते एसआयपी गेटवे (पीआरआयची लाइन नेटवर्कवर आणणारा डबा) घ्या आणि तो आधी जुन्याच सर्व्हरला जोडा. पीआरआय गेटवेत, गेटवे एसआयपी ट्रंकने जुन्या एक्स्चेंजला. क्लॉक टेलिफोन कंपनीकडून घ्यायचा. सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका तपासायची सोय) चालू की बंद, ते जुन्या कार्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये जसं आहे तसंच ठेवायचं, ते जुळलं नाही की लिंक वर येत नाही किंवा वर-खाली होत राहते. आणि बाहेर जाणाऱ्या कॉलला कुठला नंबर दाखवायचा ते गेटवेत नीट भरा, चुकीचा नंबर दिसला की कंपनी कॉल नाकारू शकते.

गेटवेला पैसे मागायला गेलात की ‘चालू कार्ड असताना कशाला?’ असं विचारतील. त्यावर उत्तर परतीच्या वाटेचं द्या. कार्ड असेल तर मागे फिरायला रात्री सर्व्हर उघडून ते कार्ड काढून पुन्हा बसवावं लागतं. गेटवे असेल तर त्यात एक आयपी पत्ता बदलायचा. हा फरक ऐकल्यावर चीफ इंजिनिअर सहसा तुमच्या बाजूने बोलतात. पैसे नाहीच मिळाले, तर किमान तशाच मॉडेलचं दुसरं कार्ड मिळवा आणि नव्या मशीनमध्ये आधीच बसवून ड्रायव्हर चालतो का ते बघा.

हे दोन्ही तुकडे झाले की तिसरा, म्हणजे खरं अपग्रेड, अगदीच लहान उरतो. नवं मशीन वेगळं उभं करायचं, जुन्यावर चढवायचं नाही. बॅकअप चढवा, दहा-बारा टेस्ट फोन जोडा आणि पंधरा दिवस खेळा. सशुल्क मॉड्यूल वापरत असाल तर त्यांचे परवाने जुन्या मशीनशी बांधलेले असतात, ते हलवायला किती वेळ लागतो ते याच काळात विचारून घ्या. चाचणी करताना ‘हॅलो, येतंय का? येतंय,’ एवढ्यावर फोन ठेवू नका. दोन आकडे ध्यानात ठेवा. कॉल साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर एका बाजूची पोच दुसरीकडे पोहोचत नाहीये, बहुतेक नॅट किंवा व्हीपीएनमधल्या पत्त्यांचा घोळ असतो. कॉल १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरवर (कॉल अजून चालू आहे का ते मधूनमधून विचारायच्या मुदतीवर) दोन्ही बाजूंचं एकमत नाही. दुसरा दोष पकडायला एक कॉल चांगला पाऊण तास चालू ठेवावा लागतो. दोन फोनची रिसिव्हर काढून समोरासमोर ठेवा आणि जेवायला जा. गट ऑफिसकडच्या फोनवर हे वेगळं करा, तिथे व्हीपीएन मध्ये आहे. तिथल्या इंटरनेटचाही अंदाज घ्या: जी-७११ मध्ये (आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला ८० ते ९० किलोबिट लागतात, व्हीपीएनचा भार वेगळा.

बाहेरच्या आयव्हीआरमध्ये आकडे दाबून बघा, बँकेचा कस्टमर केअर लावून ‘मराठीसाठी’ जे असेल ते दाबा. आकडे पोहोचत नसतील तर ते तिथेच कळतं. ११२, १०१ आणि १०८ यांचे मार्ग लॉगमध्ये तपासा. प्रत्यक्ष कॉल केलाच तर एकदाच करा, चाचणी आहे असं सांगा आणि लगेच ठेवा.

आता ती रात्र. आदल्या दिवशी फोनच्या नोंदणीची मुदत कमी करून ठेवा, दोनेक मिनिटांवर आणा. बऱ्याच फोनची मुदत तासाभराची असते. तुम्ही नवं मशीन जुन्याच आयपीवर आणलंत आणि मुदत तासाची असेल, तर फोनवरून कॉल जातो पण येत नाही, आणि तो तासभर सगळे घाबरून नको ते बदल करत बसतात. मग क्रम साधा: शेवटचा बॅकअप, जुन्या मशीनची नेटवर्क केबल काढायची, नव्याला जुना आयपी द्यायचा, स्विच आणि गेटवेतल्या एआरपी नोंदी (कुठला आयपी कुठल्या मशीनचा याच्या) साफ करायच्या, पीआरआय गेटवेची नोंदणी बघायची, मग यादीप्रमाणे चाचणी. जुन्या मशीनवर त्या रात्री काही पुसायचं नाही, काही ‘सुधारायचं’ नाही.

परतीची वेळ आधी लिहून ठेवा आणि त्यावर सही घ्या. पाळी पहाटे ४ ला बदलत असेल तर मी ३ ही वेळ धरतो. तीन वाजता यादीतल्या ‘हे चालायलाच हवं’ अशा फोनपैकी एकही अडलेला असेल तर मागे. आणि हा निर्णय कीबोर्डवर बसलेल्या माणसाने घ्यायचा नाही. त्याला नेहमीच वाटतं की अजून दहा मिनिटांत होईल. मलाही वाटतं, म्हणून माझ्या कामांत निर्णय मी दुसऱ्याकडे देतो. घड्याळाकडे बघणारा माणूस वेगळा असावा, टाइम ऑफिसचा असला तरी चालेल. मागे फिरलात तर कुणाला काही कळणारही नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. वार रविवारच हवा असं नाही. मी शनिवारची रात्र घेतो, म्हणजे रविवारी अख्खा दिवस कमी गर्दीत हाताशी राहतो आणि सोमवारी सकाळी ऑपरेटर बाईंच्या शेजारी बसता येतं. सोमवारी पहिले दोन तास तिथेच बसा. तक्रार आधी त्यांच्याकडे येते, तुमच्याकडे ती अर्धवट होऊन पोहोचते.

बंद हंगामात केलेलं हे काम गाळपाच्या भारावर अजून तपासलेलंच नसतं. मे महिन्यात सगळं हिरवं दिसणारच, अर्धे फोन वापरातच नाहीत. म्हणून अग्निप्रदीपनाच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या यादीतले ते हंगामी नंबर हातात घेऊन पुन्हा एकदा फिरा. यार्ड, काटा, गव्हाण, मिल, बॉयलर, लॅब, चिटबॉयच्या (उसाच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या) खोल्या. प्रत्येक फोन उचलून कॉल करा आणि कॉल घ्या. पावसाळ्यात कॉपर जोडणीत पाणी शिरलेलं असतं, तेही याच फेरीत सापडतं आणि सॉफ्टवेअरच्या माथी बसत नाही. जुनं मशीन बंद करून, नेटवर्कपासून तोडून, पण जसंच्या तसं कपाटात ठेवा. गाळप सुरू होऊन पहिला पंधरवडा नीट गेला की मगच त्याची डिस्क दुसऱ्या कामाला द्या. त्याआधी त्यातल्या जुन्या कॉल नोंदी आणि रेकॉर्डिंग काढून घ्यायला विसरू नका. साध्या डब्ल्यूएव्ही रेकॉर्डिंगला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतं, त्या हिशोबाने जागा बघून ठेवा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: तुमचं एक्स्चेंज ॲस्टरिस्कचं नसून एखाद्या कंपनीचा बंद डबा असेल, तर मधला तांत्रिक भाग वेगळा होतो. तिथे बऱ्याचदा थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधल्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि परवाने व डोंगल विक्रेत्याच्या हातात असतात. अशा वेळी एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदात ‘मागे फिरवून देण्याची जबाबदारी कुणाची’ हे लिहिलंय का ते आधी वाचा. यादी, परतीची वेळ आणि हंगामाआधीची फेरी मात्र तिथेही लागतेच.

तुमच्या बाबतीत पुढचं ठरवायला मला तीन गोष्टी लागतील: पीआरआय कार्डाचं मॉडेल, ॲनालॉग गेटवे किती पोर्टचे आहेत ते, आणि आयव्हीआरची स्क्रिप्ट पीएचपीत आहे की आणखी कशात. त्या इथे टाका, पण पासवर्ड असलेली फाइल तशीच चिकटवू नका. कार्ड कुठलं आहे ते कळलं की गेटवेशिवाय भागेल का, ते सांगतो. साहेबांना तोपर्यंत एवढंच म्हणा की काम ऑगस्टऐवजी मेमध्ये धरलंय आणि त्यासाठी नोव्हेंबर ते मार्चच्या कॉल नोंदी काढायला घेतल्यात.